मुलगा समोर बसला की मुलीचा खेळ का बदलतो?

साताऱ्याच्या एका वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. मुलगी अकरा वर्षांची, बुद्धिबळ मनापासून खेळते. ऑनलाइन टोपणनावाने खेळताना कुणाची भीड ठेवत नाही, मुलींच्या गटात बक्षिसंही आणते. ओपन, म्हणजे मुलगे-मुली एकत्र खेळतात त्या स्पर्धेत समोर मुलगा आला की मात्र जिंकत आलेला डाव बरोबरीत सोडते, नाहीतर घालवते. आता तर ‘ओपन नको, मुलींचीच एन्ट्री भरा’ म्हणून हटून बसली आहे. वडिलांचे प्रश्न तीन आहेत. मुलींमध्ये स्पर्धावृत्ती मुळातच कमी असते का? तिला मुलींच्या गटात ठेवावं की ओपनमध्ये उतरवावं? आणि शिकवायला बाईच शोधावी का?

मी शाळेपासून स्पर्धा खेळले आणि गेली कित्येक वर्षं मुला-मुलींना बुद्धिबळ शिकवते. हा प्रश्न दर मोसमात कुठले ना कुठले पालक विचारतात, बहुतेकदा खेळाच्या हॉलबाहेर, मुलीला ऐकू जाईल इतक्या अंतरावर. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही, कारण फरक दिसतो हे खरंच आहे. तो कुठे दिसतो हे नीट पाहायला हवं.

या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग म्युरिएल नीडरले आणि लिझ वेस्टरलुंड या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंचा. अमेरिकेत पिट्सबर्गला केलेला, 2007 साली प्रसिद्ध झालेला. काम साधं होतं: दोन आकडी पाच संख्यांच्या बेरजा, पाच मिनिटांत जमतील तेवढ्या. आधी प्रत्येक बरोबर उत्तराला 50 सेंट. मग चौघांचा गट, दोन पुरुष आणि दोन स्त्रिया. त्यात पहिला येईल त्याला प्रत्येक उत्तराला 2 डॉलर, बाकीच्यांना काही नाही. दोन्ही पद्धतींत पुरुष आणि स्त्रिया सारख्याच बेरजा करत होते. पुढच्या फेरीसाठी कुठली पद्धत हवी ते ज्याचं त्याने ठरवायचं होतं. तिथे 73 टक्के पुरुषांनी चुरशीची पद्धत घेतली आणि स्त्रियांपैकी फक्त 35 टक्क्यांनी. आपण गटात पहिले आलो असू असं 75 टक्के पुरुषांना वाटत होतं, तर 43 टक्के स्त्रियांना. चौघांत पहिला एकच येतो, म्हणजे स्वतःविषयीचा अंदाज दोघांचाही फुगलेलाच होता, पुरुषांचा बराच जास्त. आत्मविश्वासाचा हा फरक हिशेबात धरला तरी निवडीतली तफावत पुरती मिटली नाही. परिणाम असा की बेरजा उत्तम करणाऱ्या बायका बाहेर राहिल्या, आणि जेमतेम करणारे पुरुष आत शिरून पैसे घालवून बसले.

‘ओपन नको’ म्हणणारी तुमची मुलगी या पहिल्या पायरीवर आहे. तिथे प्रश्न कुवतीचा नसतो, नाव नोंदवण्याचा असतो. नाव नोंदवल्यावर पटावर काय होतं हा वेगळा भाग, आणि पुढे वर्षानुवर्षं टिकणं हा तिसरा. पालक ही तिन्ही एकाच शब्दात कोंबतात: ‘तिच्यात ती जिद्दच नाही.’ तसं केलं की उपाय सापडत नाही.

पटावर काय होतं त्याबद्दल इस्रायलमधल्या टेक्निऑन विद्यापीठातला 2003 चा प्रयोग बोलका आहे. उरी ग्नीझी, नीडरले आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी विद्यार्थ्यांना संगणकावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. सुटा मोबदला, म्हणजे सोडवाल त्या प्रत्येकाचे ठरलेले पैसे होते, तेव्हा स्त्री-पुरुषांत फारसा फरक नव्हता. मिश्र गटात चुरस लावली तेव्हा पुरुषांचा वेग वाढला, स्त्रियांचा होता तिथेच राहिला. मात्र फक्त स्त्रियांच्या गटात तीच चुरस लावली, तर स्त्रियांचाही वेग वाढला. म्हणजे चुरशीने त्या खुलत होत्या. अडत होतं ते समोर कोण बसलंय यावर. तुम्ही घरात जे पाहता आहात, मुलींच्या गटात वाघीण आणि ओपनमध्ये गप्प, ते हेच.

आणि हे उपजत म्हणावं तर मेघालयात जाऊन पाहावं. ग्नीझी, लेनर्ड आणि लिस्ट यांनी 2009 मध्ये दोन समाजांतली तुलना छापली: टांझानियातले मसाई, जिथे सगळी सत्ता पुरुषांची, आणि आपल्या मेघालयातले खासी, जिथे वंश आणि मालमत्ता आईकडून लेकीकडे जाते. तीन मीटरवरच्या बादलीत टेनिसचा चेंडू टाकायचा, दहा वेळा. सुटा मोबदला घ्यायचा की दुसऱ्याला हरवून तिप्पट, हे आधी ठरवायचं. मसाईंत 50 टक्के पुरुष आणि 26 टक्के स्त्रिया चुरशीला तयार झाल्या. खासींत उलटं: 54 टक्के स्त्रिया, 39 टक्के पुरुष. पुढे ईशान्य भारतातच खासी आणि कार्बी समाजांतल्या मुलांचाही अभ्यास झाला. लहान वयात मुलगे-मुलींत फरक नव्हता. पुरुषप्रधान कार्बी समाजात तो वयात येण्याच्या सुमारास पडला, खासींत पडलाच नाही. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणून हा तपशील तुमच्या कामाचा.

उलट्या बाजूचंही सांगते. ऑस्ट्रियात तिरोलमध्ये केलेल्या अभ्यासात असा फरक अगदी तीन-चार वर्षांच्या मुलांतही सापडला. इस्रायलमध्ये चौथीच्या वयाच्या मुलांना पळायला लावलं तेव्हा शर्यतीत मुलगे जास्त वेगाने पळाले, मुलींवर शर्यतीचा तसा परिणाम झाला नाही. तोच प्रयोग स्वीडनमध्ये केला तर शर्यतीत मुलगे आणि मुली दोघांचाही वेग सारखाच वाढला. देश बदलला की उत्तर बदलतं, काम बदललं की बदलतं. ज्या गोष्टीचं उत्तर इतकं हलतं तिला ‘मुळातच’ हा शब्द मी लावणार नाही.

आता आपल्या पटाकडे वळू. बुद्धिबळात एक मोठी सोय आहे: प्रत्येक खेळी लिहून ठेवलेली असते आणि खेळाडूचं बळ एलो रेटिंगच्या आकड्यात असतं. म्हणून संशोधकांनी आपल्या खेळावर भरपूर काम केलंय.

इटलीत मास, द’एत्तोले आणि कादिनू यांनी 2008 मध्ये सारख्या ताकदीच्या 42 स्त्री-पुरुष जोड्यांना इंटरनेटवरून खेळायला लावलं. समोर कोण आहे ते ठाऊक नव्हतं तेव्हा स्त्रिया जवळपास पुरुषांइतक्याच चांगल्या खेळल्या. बुद्धिबळात पुरुष सरस असतात याची आठवण करून देऊन समोर पुरुष आहे असं सांगितलं, तेव्हा खेळ धाडकन घसरला. आणि समोर बाई आहे अशी चुकीची समजूत करून दिली, तेव्हा तोच पुरुष समोर असूनही त्या बरोबरीने खेळल्या. टोपणनावाने बिनधास्त खेळणारी तुमची मुलगी हा प्रयोग रोज घरात करते आहे. खेळी शोधण्याची ताकद तिच्याकडे आहे, याचा याहून चांगला पुरावा तुम्हाला कोण देणार?

खऱ्या स्पर्धांच्या डावांवर बॅकस, कुबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. नुसता निकाल न पाहता प्रत्येक खेळी इंजिनाने, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रॅमने, तपासली. स्त्रिया पुरुषांसमोर जास्त चुका करतात असं निघालं. पुरुषांचा खेळ मात्र समोर कोणीही असलं तरी तेवढाच राहतो. आणखी एक गोष्ट निघाली जी मी स्वतः हॉलमध्ये नेहमी पाहते: समोर बाई असेल तर पुरुष हरलेला डाव लवकर सोडत नाहीत, ओढत राहतात. स्वीडनमधल्या गेर्डेस आणि ग्रेन्स्मार्क यांनी डावाच्या सुरुवाती तपासल्या. बाईसमोर पुरुष जास्त आक्रमक सुरुवात निवडतात असं त्यांना दिसलं, तसं केल्याने त्यांची जिंकण्याची शक्यता घटत असली तरीही.

एकमत मात्र नाही. टॉम स्टॅफर्ड यांनी 2018 मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या पन्नास लाखांहून अधिक डावांवरून उलटाच निष्कर्ष काढला होता: पुरुषांसमोर स्त्रिया रेटिंगवरून अपेक्षा असते त्याहून चांगल्या खेळतात. त्यावर ग्रँडमास्टर आणि अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड स्मर्डन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा हिशेब मांडून 2020 मध्ये दाखवलं की घसरण दिसतेच. मला दुसरी बाजू जास्त पटते. पण खेळ सगळ्याच मुलींचा घसरतो असं नाही. काही मुली मुलगा समोर आला की उलट चवताळून खेळतात. तुमची मुलगी कुठल्या प्रकारातली आहे हे संशोधन सांगणार नाही, तिच्या स्कोअरशीट, म्हणजे डावाच्या खेळी लिहिलेले कागद, सांगतील.

त्या काढा. गेल्या वर्षभरातल्या ओपनच्या आणि मुलींच्या गटातल्या, दोन्ही. नियमाप्रमाणे बरोबरी मागितली की ती दोन्ही खेळाडूंनी शीटवर कंसात बरोबरचं चिन्ह करून नोंदवायची असते. बरीच मुलं लिहीत नाहीत, पण लिहायची सवय लावा, कारण ते चिन्ह डाव कुठे वळला ते दाखवतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या शीट मी अशाच टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या होत्या. मुलींच्या गटात तिने बरोबरी क्वचित मागितलेली, तीही शेवटी राजा आणि चार-दोन प्यादी उरल्यावर. मुलांसमोरच्या डावांत ते चिन्ह विसाव्या-बाविसाव्या खेळीलाच. त्यातल्या एका डावात तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं, दोन्ही हत्ती मोकळ्या पट्टीवर, आणि समोरच्या मुलाचा घोडा कडेला अडकलेला. इंजिन तिला स्पष्ट सरस म्हणत होतं. तिथे तिने हात पुढे केला आणि मुलाने लगेच घेतला. ‘का मागितलीस?’ विचारलं तर म्हणाली, ‘ताई, तो पटापट खेळत होता, मला वाटलं त्याला काहीतरी दिसलंय.’

त्याला काही दिसलेलं नव्हतं. तो पटापट खेळत होता इतकंच.

तिच्या सुरुवातीही बदललेल्या होत्या. पांढऱ्याकडून फ्रेंच बचाव या सुरुवातीविरुद्ध मुलींसमोर ती प्यादं पुढे रेटून जागा घ्यायची, वजिराच्या बाजूने खेळायला येणाऱ्याला राजाच्या बाजूने उत्तर द्यायची. मुलांसमोर मात्र तिसऱ्याच खेळीला प्याद्यांची अदलाबदल करून पट सपाट करायची. हरायचं नाही म्हणून तिने जिंकण्याची जागाच काढून टाकली होती. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि तिला स्वतःला जाणवलेलंही नव्हतं.

बरोबरी मागणं प्रत्येक वेळी भेकडपणाचंच असतं असं मात्र समजू नका. दोनशे गुणांनी वरच्या खेळाडूशी बरोबरी केली तर अठरा वर्षांखालच्या खेळाडूचं रेटिंग दहाच्या आसपास वाढतं. दमलेली मुलगी शेवटच्या फेरीत हा हिशेब करून बरोबरी घेत असेल तर तिचं चुकत नाही. पाहायचं एवढंच की तोच हिशेब ती मुलींसमोरही करते का.

मुलीबद्दल आपण बोललो, आता हॉलबद्दल बोलू. जगभरच्या रेटिंगधारक खेळाडूंत मुली-बायका दहाला एक अशा प्रमाणात आहेत. या आकड्याने काय होतं ते बिलालिच आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जर्मनीच्या खेळाडूंवरून दाखवलं. तिथे सोळा पुरुषांमागे एक स्त्री खेळत होती. पहिल्या शंभर पुरुषांच्या आणि पहिल्या शंभर स्त्रियांच्या रेटिंगमधला 96 टक्के फरक निव्वळ संख्येतून निघतो असं त्यांनी मांडलं. दहा हजार जण खेळले तर त्यातला सर्वोत्तम हा सहाशेंतल्या सर्वोत्तमापेक्षा वरचढ निघणारच. अमेरिकेत चॅब्रिस आणि ग्लिकमन यांनी त्याआधी 2006 मध्ये अडीच लाखांवर खेळाडूंच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्या भागांत नव्याने येणाऱ्यांत मुली निम्म्या होत्या, तिथे मुलगे-मुलींच्या सुरुवातीच्या रेटिंगमध्ये फरकच नव्हता. ‘मुली वर पोचत नाहीत’ असं हॉलबाहेर छातीठोक बोलणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला मला हे दोन आकडे ऐकवावेसे वाटतात.

पालकांनाही. अर्नोल्ड, चिंपियन, जेनिफर शहादी वगैरेंनी अमेरिकेत पालक आणि प्रशिक्षकांनाच विचारलं की तुमचं मूल जास्तीत जास्त किती रेटिंगपर्यंत जाईल. मुलींच्या बाबतीत मोठ्यांनी सांगितलेला आकडा मुलग्यांपेक्षा कमी होता. ज्यांना बुद्धिबळासाठी जन्मजात तल्लखपणा लागतो असं वाटत होतं, त्यांच्यात हा कल जास्त. आपल्याकडे हे कोणी आकड्यात बोलत नाही, पण बोलतो तेच. ‘समोर मुलगा आहे, जपून खेळ’ हे वाक्य मी किती आयांच्या आणि बाबांच्या तोंडून ऐकलंय! प्रेमाने म्हटलेलं असतं. मुलीच्या कानात त्याचा अर्थ एवढाच जातो की हा तुझ्यापेक्षा भारी आहे. पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, लागली की समोरच्याचं नाव वाचून तुमचा चेहरा कसा होतो, तेही ती पाहत असते. पेअरिंगमध्ये रेटिंग वाचा, रंग वाचा, पुढचं सोडून द्या. आणि ‘मुलगी असून छान खेळते’ ही शाबासकी घरात, नातेवाइकांत, कुठेच चालू देऊ नका.

आता काय करायचं ते सांगते. मी विद्यार्थिनींकडून जे करून घेते तेच लिहिते.

वरचं संशोधन रडण्यासाठी नाही, सरावासाठी वापरायचं. पुरुष हरलेला डाव सोडत नाहीत ना? मग जिंकलेला डाव शेवटपर्यंत नेण्याचा सराव हवा. मी जिंकती स्थिती मांडते, मुलीला जिंकणारी बाजू देते, आणि समोर असा मुलगा बसवते ज्याला सांगितलेलं असतं की मात होईपर्यंत सोडायचं नाही, दर खेळीला काहीतरी खोडी काढायची. हत्ती आणि प्याद्यांचे अंत (डावाचा शेवटचा टप्पा), वजीर विरुद्ध प्यादं, एक प्यादं जास्त असलेले घोड्याचे अंत. कंटाळवाणं काम आहे. पण ‘हा अजून खेळतोय म्हणजे काहीतरी असेल’ ही धास्ती याच कामाने जाते. नुसत्या धीराच्या शब्दांनी गेलेली मी पाहिलेली नाही.

मुलगे मुलींसमोर उगाच आक्रमक होतात ना? मग कच्च्या हल्ल्याला सामोरं जायचं शिकवा. चौथ्या-पाचव्या खेळीत राजाच्या बाजूची प्यादी धावत आली, उंटाचा बळी दिला, तर आधी प्यादं-मोहरा खायचा, मग मोजायचं. अशा वीसेक स्थिती तिने स्वतः सोडवल्या की समोरून आलेला हल्ला तिला संधी वाटू लागतो. सुरुवात बदलायची नाही हा माझा ठाम नियम आहे: जी सुरुवात मुलींसमोर, तीच मुलांसमोर. हरली तर हरली, त्या डावातून शिकता येतं. सपाट पटावरच्या बरोबरीतून काही शिकायला मिळत नाही.

बरोबरीबद्दलही तात्पुरता करार करता येतो. पुढच्या काही स्पर्धांत आपण होऊन बरोबरी मागायची नाही. समोरच्याने मागितली तर घड्याळात किमान पाच मिनिटं स्थिती पाहून मग ठरवायचं. करार मुलीशी बोलून करा, लादू नका.

एन्ट्रीच्या बाबतीत एक छोटी युक्ती आहे. जॉयस ही, सोनिया कांग आणि निकोला लासेतेरा यांच्या प्रयोगांत असं दिसलं की ‘स्पर्धेत यायचं का?’ असं विचारण्याऐवजी सगळे स्पर्धेत आहेतच असं धरलं आणि नको असेल त्याने सांगावं अशी रचना केली, तर स्त्री-पुरुषांच्या निवडीतला फरक बराच कमी होतो. घरातही हेच करा. वर्षाचं वेळापत्रक सुट्टीत एकदाच मांडा, त्यात ओपन स्पर्धा आधीच लिहिलेल्या असू द्या. ‘जायचं का गं?’ असं दर वेळी विचारलं की दर वेळी तिला नव्याने हिंमत गोळा करावी लागते. एखादी नको म्हणाली तर ती खुशाल खोडा.

आणि लक्ष्य निकालाचं ठेवू नका. आपल्याच आधीच्या कामगिरीशी स्पर्धा करायची असेल तर स्त्रिया आणि पुरुष सारख्याच प्रमाणात तयार होतात, असं कोरेन अपिसेला आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं. मी प्रत्येक स्पर्धेआधी मुलीकडून एकच गोष्ट लिहून घेते: या वेळी प्रत्येक डावात शेवटची दहा मिनिटं हातात राहतील इतका वेळ वाचवीन, किंवा, समोरच्याच्या प्रत्येक खेळीला ‘ही का खेळला’ विचारीन. फेरी संपल्यावर आधी त्याबद्दल विचारायचं, निकाल नंतर.

दुसरा प्रश्न, मुलींचा गट की ओपन. याच्यावरून आपल्याकडे दोन तट आहेत. एक तट हंगेरीच्या पोल्गार घराण्याचं नाव घेतो. तिथे वडिलांनी तिन्ही मुलींना मुख्यतः खुल्या स्पर्धांत वाढवलं. धाकटी युडिट महिलांच्या जागतिक अजिंक्यपदाला कधी उतरलीच नाही, 1991 मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, 2002 मध्ये कास्पारॉव्हला हरवलं आणि 2005 मध्ये जगात आठव्या क्रमांकावर पोचली. आपल्या मराठी घरातलं उदाहरण त्याहून आधीचं आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. देशात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1974 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं विजेतेपद वासंतीचं. रोहिणी 1976 मध्ये तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि तीन राज्यविजेत्यांना तिने हरवलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही असा निर्णय जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. आज तुमच्या मुलीला ओपनचा फॉर्म भरता येतो त्यामागे हा इतिहास आहे. तिला तो सांगा.

दुसरा तट म्हणतो, मुलींना मुलींचं व्यासपीठ हवं. त्यांच्याकडे नागपूरची दिव्या देशमुख आहे. जुलै 2025 मध्ये जॉर्जियात बाटुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांत, हरवलं आणि त्या विजयानेच ती थेट ग्रँडमास्टर झाली, हा किताब मिळवणारी भारताची चौथी महिला. स्त्रियांच्या स्पर्धेने तिला हे दार उघडून दिलं. पण ती लहानपणापासून ओपनही भरपूर खेळत आली आहे.

माझं मत असं: अकराव्या वर्षी ओपन हा रोजचा वरण-भात असावा आणि मुलींची स्पर्धा सणासारखी यावी. जिल्हा-राज्य निवडीत दोन्ही गट बहुतेक एकाच वेळी असतात, एकच निवडावा लागतो. तिथे ती मुलींच्या गटातून खेळली तर माझी हरकत नाही. तिथे पदक आहे, राज्याचा संघ आहे, आणि मुख्य म्हणजे मैत्रिणी आहेत. मैत्रीण नसलेली मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी खेळ सोडते, हे मी वारंवार पाहिलंय. बाकीच्या वर्षभरात रेटिंगच्या ओपन स्पर्धा खेळवा, शक्यतो आणखी दोन-तीन मुलींना बरोबर घेऊन. हॉलमध्ये ती एकटी मुलगी नसली पाहिजे, यासाठी थोडा खटाटोप करावा लागला तरी करा.

एका गोष्टीत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. फक्त स्त्रियांसाठी असलेल्या ‘महिला ग्रँडमास्टर’ या वेगळ्या किताबाला 2300 रेटिंग लागतं, ग्रँडमास्टरला 2500. दोनशे गुणांचा फरक म्हणजे काय, तर खालच्या खेळाडूला अशा शंभर डावांत चोवीसेक गुण मिळतील. किताब मिळाला तर घ्यावा, त्याने दारं उघडतात. पण घराच्या भिंतीवर लक्ष्य म्हणून जो आकडा लिहाल, तो मुलगा असता तर लिहिला असता तोच लिहा.

टिकण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते, कारण तुमची मुलगी त्याच उंबरठ्यावर आहे. आठवी-नववीत मुली बुद्धिबळ सोडतात तेव्हा पालक सांगतात, ‘तिचा इंटरेस्ट गेला.’ खोलात गेलं की निघतं ते असं: हॉलच्या ठिकाणी स्वच्छतागृह धड नव्हतं आणि पाळी आली होती, बाहेरगावच्या स्पर्धेला वडिलांना रजा नव्हती आणि आईने एकटीने मुक्काम करायला घरचे तयार नव्हते, भावाचा क्लास आणि तिची स्पर्धा एकाच रविवारी आली आणि गाडी क्लासला गेली. याला स्पर्धावृत्तीचा अभाव म्हणणं अन्याय आहे. शिवाय हॉलमधल्या नजरा असतात. दिव्यानेच जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर उघड लिहिलं होतं की प्रेक्षक तिच्या खेळाऐवजी कपडे, केस आणि बोलण्याच्या ढंगावर बोलतात. तुमच्या मुलीला कोणी असं काही बोललं तर तिने ते तुम्हाला येऊन सांगावं, आणि तुम्ही आयोजकांकडे जावं. ‘दुर्लक्ष कर’ म्हणू नये. आयोजकांना स्वच्छतागृहाबद्दल आधी फोन करून विचारणं, दुसऱ्या खेळाडूच्या आईबरोबर मिळून मुक्कामाची सोय करणं, ही तयारी सुरुवातीच्या पाठांतराइतकीच बुद्धिबळाची तयारी आहे.

राहिला प्रशिक्षकाचा प्रश्न. मी स्वतः बाई असून सांगते, बाईच पाहिजे असं नाही. शिकवणारी व्यक्ती मुलीचे डाव मुलग्यांइतक्याच कठोरपणे तपासते का, हे पाहा. एक-दोन तास मागे बसून ऐका. मुलग्याच्या चुकीवर ‘अरे, हे चालणार नाही, पुन्हा मोज’ आणि मुलीच्या चुकीवर ‘हरकत नाही, छान प्रयत्न’ असं चाललं असेल तर क्लास बदला, शिकवणारी बाई असली तरी. मात्र वर्षातून काही वेळा तरी तिला तिच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या, ओपन खेळणाऱ्या मुलीबरोबर दिवसभर बसून डाव तपासायला मिळावेत. पुणे, सांगली, कोल्हापूर या सगळीकडे अशा खेळाडू आहेत, साताऱ्याहून फार लांब नाही. तिने मुलांसमोरचे हरलेले डावही घेऊन यावेत. मोठ्या मुलींकडे त्याच प्रकारचे डाव असतात आणि त्या ते दाखवायला लाजत नाहीत.